हातानं दोन फेऱ्या

गाडीचं ऑईल घरी बदललं, ब्रेकचे पॅड घरी घातले, बॅटरी बसवली, तर ऐकणारा कौतुकानं मान डोलावतो. टायमिंग बेल्टचं नाव काढलं की तोच माणूस सावरून बसतो आणि म्हणतो, ‘ते घरी करायचं काम नव्हे.’ हे वाक्य मी शेजारच्या काकांकडून ऐकलं, आयुष्यभर गाड्या चालवलेल्या मेहुण्यांकडून ऐकलं, आणि ज्यांचं ज्ञान मी मानतो त्या आमच्या चौकातल्या गॅरेजवाल्या चाचांकडूनही ऐकलं. इतकी जाणती माणसं एकच गोष्ट सांगतात, तेव्हा तिच्यात तथ्य असणारच. पण ते तथ्य एका ठिकाणी आहे आणि लोक बोट दाखवतात दुसरीकडे, असं माझं म्हणणं आहे.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेऱ्या फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट बरोबर एक फेरी फिरतो. ना कमी, ना जास्त. हा हिशेब सांभाळतो तो रबराचा दातेरी पट्टा. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चाललं असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला १,००० वेळा उघडतो आणि मिटतो. नाशिकहून निघून तासभर गाडी चालवली तर ६०,००० वेळा. डिझेल इंजिनात हवा अठराव्या हिश्शाच्या आसपास दाबली जाते, म्हणून पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये नावापुरतीच जागा उरते. त्या क्षणी एखादा वॉल्व्ह उघडा सापडला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो, कधी वॉल्व्हचा गाइड फुटतो. हेड उतरवावं लागतं. पट्टा एक-दोन दात चुकला तरी इंजिन नीट चालत नाही, आणि आणखी चुकला तर हीच गत. वर खास हत्यारं लागतात, इंजिनाचा एक माउंट सोडावा लागतो, आणि ज्यानं शंभर पट्टे घातले त्याच्या हाताला जे वळण असतं ते पहिल्यांदाच पाना धरणाऱ्याला कुठून येणार? मग थोडी मजुरी वाचवण्यासाठी अख्खं इंजिन पणाला का लावायचं?

यातली यंत्राबद्दलची सगळी विधानं मला मान्य आहेत. वाद आहे तो शेवटच्या प्रश्नाशी, कारण इंजिन पणाला लागतं ते नेमकं केव्हा, हे त्यात पाहिलेलंच नाही. पट्टा चुकीचा बसला, एवढ्यानं काहीही मोडत नाही. तो चुकीचा बसलेला असताना स्टार्टर मारला, तर मोडतं. या दोन घटनांच्या मध्ये एक वेळ असते, आणि त्या वेळात काय करायचं ते उत्पादकांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत लिहिलेलं असतं: क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा. माझं सगळं मंडन या एका वाक्यावर उभं आहे.

माझी गाडी २००९ सालची डिझेल लोगन. महिंद्र आणि रेनो यांच्या भागीदारीत ती आमच्या नाशिकलाच तयार होत असे; भागीदारी संपल्यावर तिलाच २०११ मध्ये व्हेरिटो हे नाव मिळालं. तिच्यातलं १,४६१ सीसीचं इंजिन पुढे डस्टरमध्येही आलं, निसानच्या सनी आणि टेरानोतही आलं, त्यामुळे मी जे सांगतो आहे ते महाराष्ट्रातल्या हजारो गाड्यांना लागू आहे. या इंजिनात दातेरी पट्टा कॅमशाफ्ट फिरवतो, डिझेलचा हाय-प्रेशर पंप फिरवतो आणि वॉटर पंपही फिरवतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे मी परत येणार आहे.

‘खास हत्यारं’ म्हणजे काय, तेही सांगतो, कारण या शब्दाला लोक फार भितात. दोन पिना. एक आट्यांची, ती ब्लॉकमध्ये एका बाजूनं आत फिरवायची. क्रँक सावकाश फिरवत आणला की तो तिला येऊन टेकतो आणि थांबतो. दुसरी आठ मिलिमीटर जाडीची, ती कॅमच्या पुलीतल्या भोकातून आरपार हेडमधल्या भोकात जाते. क्रँक पहिल्या पिनेला टेकला आहे आणि दुसरी पिन बोटानं ढकलली तरी आत सरकते आहे, तेव्हाच टायमिंग बरोबर. याखेरीज टॉर्क रेंच, गोटी-पान्यांचा संच, जॅक, दोन भक्कम स्टँड, आणि इंजिनाला खालून आधार द्यायला एक लाकडी फळी. टॉर्क रेंच सोडला तर यातलं बरंचसं कुठल्याही हौशी माणसाच्या माळ्यावर सापडेल.

आता त्या दोन फेऱ्यांबद्दल. नवा पट्टा चढवला, टेन्शनरचा काटा खुणेवर आणून त्याचा नट आवळला, आणि दोन्ही पिना काढल्या. हे काढणं विसरायचं नाही. मग क्रँकच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनं फिरवायला घेतलं. डिझेल इंजिन हाताला सुखासुखी फिरत नाही. एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन येतं तसा पाना जड होतो, जणू दांड्याच्या टोकाला कुणी ओल्या गोणपाटाचं ओझं बांधलं आहे. थोडा वेळ दाब धरून ठेवला की आतली हवा कुठून तरी निसटते, बारीक सुस्कारा ऐकू येतो आणि पाना पुन्हा पुढे सरकतो. हा विरोध मऊ असतो, उशीवर हात दाबल्यासारखा. वॉल्व्ह पिस्टनला टेकला तर तसं होत नाही. तिथं पाना एकदम थांबतो, लोखंडाला लोखंड लागल्याचं मनगटाला कळतं, आणि कितीही थांबलं तरी तो ढिला पडत नाही. दोन्हींतला फरक सांगायला शंभर पट्ट्यांचा अनुभव लागत नाही. ज्यानं एकदा सायकलचा पंप बोटानं बंद करून दाबला आहे आणि एकदा भिंतीला हात टेकवला आहे, त्याला तो कळतो. आणि हाताच्या गतीनं वॉल्व्ह पिस्टनला टेकला तरी, जोर न लावता तिथेच थांबलं, तर तो वाकत नाही. मागे जायचं, पट्टा काढायचा, पुन्हा लावायचा. चूक झाली, कळली, सुधारली, आणि तिची किंमत पडली एक दुपार.

एखादाच दात चुकला तर कदाचित वॉल्व्ह टेकणारही नाही, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो बरोबर आहे. म्हणूनच फेऱ्या संपल्यावर पिना पुन्हा घालून पाहायच्या. क्रँकच्या पुलीला समजा २० दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश आणि कॅमचे ९ अंश. नऊ अंश सरकलेल्या भोकात आठ मिलिमीटरची पिन जाऊच शकत नाही. ती एक तर सरकते, नाही तर अडते. ‘बहुतेक बरोबर असेल’ असं तिसरं उत्तर इथं मिळत नाही. हाताच्या वळणावर जेवढा विसंबतो त्याहून जास्त मी या पिनेवर विसंबतो. एक सावधगिरी मात्र सांगून ठेवतो. नव्या पट्ट्यावर कधी कधी रंगाच्या रेघा असतात, त्या बसवताना उपयोगी पडतात, पण दोन फेऱ्यांनंतर त्या पुल्यांवरच्या खुणांशी जुळत नाहीत आणि जुळायच्याही नसतात, कारण पट्ट्याचे दात आणि पुलीचे दात यांचा तसा हिशेबच नसतो. पहिल्यांदा काम करणारा इथं घाबरतो आणि बरोबर बसलेला पट्टा काढून चुकीचा बसवतो. खुणा पुल्यांच्या पाहायच्या, पट्ट्याच्या नव्हे.

या भीतीचा उगम कुठे, याचाही विचार केला पाहिजे, कारण आपल्याकडे गाडीवाले असे नेहमीच हात राखून नव्हते. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडरच्या काळात मालक स्वतः पॉइंट घासत, प्लगची फट बसवत, कार्ब्युरेटर उघडत. त्या इंजिनांत टायमिंगची साखळी होती, ती लोखंडी आवरणाआड तेलात फिरे आणि तिच्याकडे वर्षानुवर्षं पाहावंही लागत नसे. दातेरी पट्टा मध्यमवर्गाच्या दारात मोठ्या प्रमाणावर आणला तो १९८३ नंतर मारुती ८०० नं. म्हणजे ज्या पिढीला गाडी उघडायची सवय होती तिला पट्टा भेटला नाही, आणि ज्या पिढीला पट्टा भेटला तिची गाडी उघडायची सवय सुटत चालली होती. मधल्या काळात ‘पट्टा तुटला आणि इंजिन काम निघालं’ अशा गोष्टी घरोघरी पोचल्या. त्या खऱ्या होत्या. पण त्यांतल्या बहुतेक पट्टा वेळेवर न बदलल्याच्या होत्या. घरी बदलल्याच्या नव्हत्या.

पट्ट्याचा इतिहास पाहिला तर तो मुळात घरातल्याच यंत्रासाठी जन्मला. रिचर्ड केस या अमेरिकी संशोधकानं १९४० च्या दशकात तो तयार केला, आणि त्याचा पहिला उपयोग झाला सिंगरच्या शिवणयंत्रात, सुई आणि खालची बॉबिन यांची गाठ बरोबर पडावी म्हणून. मोटारीच्या इंजिनात तो घालून मोठ्या संख्येनं गाडी विकण्याचं पहिलं श्रेय जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या १००४ या मॉडेलला जातं, १९६२ च्या सुमारास. साखळीपेक्षा तो शांत होता, स्वस्त होता, त्याला तेल लागत नव्हतं.

‘पट्टा काढून बघा, भेगा नसतील तर चालू द्या’ हा गॅरेजमध्ये सर्रास मिळणारा सल्लाही याच इतिहासातून आला आहे. एके काळी तो बरोबर होता. जुने पट्टे निओप्रीन रबराचे असत. उष्णतेनं ते कडक होत आणि पाठीवर भेगा दाखवत. डोळ्यांना दिसे, निर्णय घेता येई. पुढे पट्टे हायड्रोजनेटेड नायट्राइल रबराचे होऊ लागले, ते उष्णता फार चांगली सोसतात आणि भेगा सहसा दाखवत नाहीत. आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या थकतात, दाताचं मूळ कमजोर होतं, आणि वरून पट्टा नवा दिसतो. माझा जुना पट्टा काढल्यावर मी तो उजेडात धरून पाहिला. एकही भेग नव्हती. एवढ्यावरून तो आणखी दोन वर्षं चालला असता की दोन दिवस, हे जगात कुणालाही सांगता आलं नसतं. पुस्तिकेतले किलोमीटर आणि वर्षं, यांतलं जे आधी पूर्ण होईल ते पाळायचं. गाडी उभी राहिली म्हणून पट्ट्याचं वय थांबत नाही, हे वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या घरच्या गाड्यांच्या मालकांनी विशेष ध्यानात घ्यावं.

आता वॉटर पंप. आमच्याकडचे मेकॅनिक त्याला वॉटर बॉडी म्हणतात. ‘गळत नाही ना? मग राहू द्या’ हे मत तर इतकं सर्वमान्य आहे की काटकसर करणारे आणि सचोटीचे मेकॅनिकही ते देतात, गिऱ्हाइकाचे पैसे वाचावेत याच हेतूनं. हेतूचा मी आदर करतो. सल्ला चुकीचा आहे. पंपाच्या आत दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात आणि कूलंट अडवून धरतात. त्यांच्यामधलं वंगण म्हणजे कूलंटचाच पातळ थर. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंट कमी झालं की नळाचं, नाही तर बोअरचं पाणी ओतायची रीत आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापले की बाहेर पडतात, आणि तेच बारीक खडे त्या चकत्यांमध्ये जाऊन त्यांना घासतात. म्हणजे पंप म्हातारा होतो तो नुसत्या किलोमीटरांनी नाही. पाच-सहा उन्हाळे जे पाणी त्याला पाजलं गेलं त्यानंही. त्यात पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणला गेला असेल तर पंपाच्या बेअरिंगवर आणखी भार.

आणि हा पंप नुसता गळून थांबत नाही. ज्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यात त्याचं गळणं नव्या पट्ट्यावर पडतं आणि त्याचं बेअरिंग जाम झालं तर पट्टा तुटतो किंवा दात सोडतो. पट्टा नवा, पण त्याच्या वाटेवर जुना पंप, म्हणजे नव्या दोरावर जुनी बादली नव्हे. जुन्या कप्पीवर नवा दोर आहे. कप्पी अडली की दोर जातोच. पट्ट्यासाठी जेवढं उघडावं लागतं तेवढंच पंपासाठी उघडावं लागतं. आत्ता न बदललेला पंप दोन वर्षांनी गळायला लागला तर सगळं पुन्हा उघडायचं, आणि कूलंटनं भिजलेला पट्टाही टाकून द्यायचा. यात बचत कुठे आहे?

माझ्या गाडीचा पट्टा २०१५ मध्ये एका वर्कशॉपमध्ये बदलला गेला. नाव घेत नाही. बिलावर पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप असे तिन्ही लिहिलेले होते आणि तिन्हींचे पैसे मी दिले. २०२२ च्या नोव्हेंबरात मी स्वतः ते आवरण उघडलं. खालच्या झाकणाचे दोन बोल्ट नव्हतेच. पट्टा खरोखर बदललेला होता. पंप काढून हातात घेतला, कापडानं पुसला, आणि त्याच्या अंगावरचा तारखेचा शिक्का वाचला. साल ०९. गाडीबरोबर आलेला पंप होता तो. निथळायच्या बारीक भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा खरपुडा जमला होता, दातावरच्या किटणासारखा, आणि पुली बोटानं हलवली तर ती जागच्या जागी किंचित डुलत होती. सात वर्षं मी त्या पंपावर घाट चढलो-उतरलो, कसाऱ्याचा घाट पावसात, घरच्या माणसांना घेऊन.

सगळी गॅरेजं अशीच असतात, असं मी म्हणत नाही. आमच्या चाचांनी माझ्याशी कधी खोटा व्यवहार केलेला नाही. मुद्दा वेगळा आहे. ‘जाणकाराकडे द्या, म्हणजे सुरक्षित’ या विधानात एक गृहीत दडलेलं आहे की जाणकार ते काम पूर्ण करेल आणि तपासेल. पण वर्कशॉपमध्ये या कामाला अर्धा दिवस मिळतो, मागे तीन गाड्या उभ्या असतात, आणि आवरण लागल्यावर आतलं कुणालाही दिसत नाही. मला दोन रविवार मिळाले. पहिल्या रविवारी मी फक्त उघडलं, पुसलं, फोटो काढले आणि पाहिलं. हाताचं वळण त्यांच्याकडे जास्त आहे, वेळ माझ्याकडे जास्त आहे, आणि हे काम वेळ मागणारं आहे.

जिथं पूर्वपक्ष खरा आहे ते सांगितल्याशिवाय मात्र राहता येत नाही. उतारावर, मातीत, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊन हे काम करणाऱ्याला मी स्वतः हात धरून बाहेर काढीन. फरशी सपाट हवी, स्टँड हवेत, बॅटरीची तार सुटलेली हवी. इंजिन गार हवं, कारण पट्टा थंड इंजिनावरच ताणायचा असतो. क्रँकचा बोल्ट दर वेळी नवा. आधी ठरलेला टॉर्क, मग ठरलेले अंश, अंदाज अजिबात नाही. तो सोडताना-आवळताना क्रँक अडवायला टायमिंगची पिन वापरायची नाही. ती पिन खुणेसाठी आहे, एवढा जोर सोसायला नाही. मी गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली आणि मुलाला ब्रेकवर पाय रोवून बसवलं. ज्याच्याकडे आपल्या इंजिनाची पुस्तिका नाही, पिना नाहीत, त्यानं हे करू नये. काही गाड्यांत जागाच इतकी अडचणीची असते की घरी करण्यात अर्थ नाही.

आणि कूलंट. ते एथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड, आणि कुत्र्या-मांजरांना घातक. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांडलेलं कूलंट रात्री एखाद्या भटक्या कुत्र्यानं चाटलं तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. मी खाली मोठी घमेली ठेवली होती, तरी पंप सोडला तेव्हा ब्लॉकमध्ये साठलेलं वाटीभर बाहेर उसळलं. त्यावर भुसा टाकला, भरला, फरशी तीनदा पाण्यानं धुतली. हे काम पट्ट्याइतकंच मनापासून करायचं आहे. भरताना नवं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं आणि हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत हीटर पूर्ण गरम करून इंजिन चालू ठेवलं.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी, स्टार्टर मारण्याआधी, चाचा स्कूटरवरून येऊन उभे राहिले. मी दुसरी फेरी पूर्ण करत होतो. क्रँक पिनेला टेकला. मी आठ मिलिमीटरची पिन त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती कॅमच्या पुलीत धरली आणि अंगठ्यानं ढकलली. ती आत गेली. त्यांनी ती बाहेर काढली, पुन्हा घातली, आणि काही न बोलता माझ्याकडे परत दिली. मग आवरण लावायला त्यांनीच खालून हात दिला, आणि जे दोन बोल्ट कमी होते ते त्यांच्या डब्यातून आणून दिले.

आवरणाच्या बाहेरच्या बाजूला मी पांढऱ्या पेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहिले आहेत: पट्टा, टेन्शनर, पंप, तिन्ही नवे. जुना पंप मी टाकलेला नाही. तो फडताळात आहे, शिक्का वर करून ठेवला आहे.